एक कॉल, चाळीस लाइनी

“तुझ्या वीसच्या वीस लाइनी भरल्यात. बोलतंय कोण एवढं?” स्टाफसाठीच्या वेगळ्या सर्व्हिस लाइनवरून सावंत ओरडला.

सकाळचे अकरा, साल ऐंशीच्या दशकातलं. मी पूर्व उपनगरातल्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्युनिअर इंजिनिअर होते, सावंत शेजारच्या एक्स्चेंजमध्ये. एक्स्चेंजची नावं सांगत नाही, दोघंही अजून पेन्शन खातोय. दोन एक्स्चेंजना जोडणाऱ्या लाइनींना आम्ही जंक्शन म्हणायचो. वीस माझ्याकडून त्याच्याकडे, वीस त्याच्याकडून माझ्याकडे. चाळीसही अडकल्या होत्या आणि दोन्हीकडच्या लोकांचे एकमेकांना फोन लागणं बंद झालं होतं.

मी हेडफोन पहिल्या जंक्शनला लावला. “हॅलो... हॅलो...” म्हातारा आवाज. दुसऱ्याला लावला. तोच आवाज, जरा बारीक. पाचव्यावरही तोच, आणखी बारीक. दहाव्यावर मला जेमतेम ऐकू आला आणि अंगावर काटा उभा राहिला. वीस लाइनींवर वीस माणसं नव्हतीच. एकच माणूस होता.

नंबरचे पहिले आकडे आले की कॉल कुठल्या लाइनीवर टाकायचा हे एक्स्चेंजला ठरवावं लागतं. त्यासाठी रूटिंगचा तक्ता असतो. आमचा कागदावर नव्हता, एका रॅकमध्ये तारा जोडून केलेला होता. अंधेरीला जाणारा कॉल आला तर आधी अंधेरीच्या थेट लाइनी. त्या बंद असतील तर सावंतमार्गे. ती दुसरी तार माझ्याच हातची.

“सावंत, तुझ्या अंधेरीच्या लाइनी चालू आहेत?”

“वाट लागलीय. रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली.”

“माझ्यापण गेल्या रे. मग दुसरी वाट कुठली दिलीयस तू?”

“तुझी.”

मी कॉल त्याच्याकडे पाठवत होते, तो माझ्याकडे, आणि प्रत्येक फेरीला दोघांची एकेक नवी लाइन खर्ची पडत होती. सगळ्या संपल्यावर शेवटी एंगेज टोन वाजला होता, पण इतक्या लाइनींतून परत येताना तो विरून गेला. म्हाताऱ्याला नुसती शांतता ऐकू येत होती. मशिन कुठेच बिघडलं नव्हतं. आम्ही सांगितलं तेच ते इमानेइतबारे करत होतं. एवढं विलक्षण मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही.

“तोडून टाक कॉल,” मागे येऊन उभे राहिलेले आमचे साहेब म्हणाले.

मी आधी पहिल्या जंक्शनवर परत येऊन माईक चालू केला. “काका, एक्स्चेंजमधून बोलतेय. फोन ठेवता का?”

“ठेवूचंय नाय. तासभर धरून आसंय. माझा चेडू अंधेरीक बाळंतपणाक गेलाहा, रातीपासून अडलाहा. आता लागता लागता ठेवू?”

त्यांची मुलगी तिकडे बाळंतपणात अडलेली. मला फार लाज वाटली. तो फोन लागणारच नव्हता. दुसऱ्या कुणी लावला असता तर तोही असाच फिरत राहिला असता.

“काका, हा लागायचा नाही. चूक माझी आहे. नंबर सांगा, मी रस्ता दुरुस्त करून तुम्हाला जोडून देते.”

मग त्याने हॉस्पिटलचा नंबर सांगितला, स्वतःचा सांगितला. “परब म्हणान विचार. इसरू नको, चेडवा.” आणि रिसीव्हर ठेवला.

रॅकवरचे दिवे एकामागून एक विझत गेले. मी बघतच राहिले. एका माणसाने हात खाली केला आणि दोन उपनगरं मोकळी झाली.

सावंतने आपली तार उपटली, मी माझी. अंधेरीची दुसरी वाट शहरातल्या मोठ्या एक्स्चेंजमार्गे जोडली. पाऊण तास गेला. मग परबकाकांना लाइनीवर घेऊन हॉस्पिटलचा नंबर फिरवला. कॉल शहराला वळसा घालून एकाच लाइनीवरून गेला, आणि घंटा वाजली.

“परबांची मुलगी?” नर्स म्हणाली. “आत्ताच सुटली. मुलगा झालाय, दोघं ठीक आहेत.”

लाइन काकांना मोकळी सोडून मी हेडफोन काढला.

दुसरी वाट देण्याआधी शेजाऱ्याला विचारावं, बाबा रे, तू माझ्याच भरवशावर नाहीस ना? सावंतला आणि मला तेवढ्यासाठी एकमेकांना एक फोन करायचा होता. आम्ही दोघंही टेलिफोन खात्यात होतो.