मार्कांची नोट

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे काका दूध आणायलासुद्धा बूट घालून खाली उतरतात. माझ्याशी बोलायला लागले की प्रत्येक वाक्याची सुरुवात "बरं का वहिनी" अशी. अंबडच्या कारखान्यात असताना ते ट्रेनिंगसाठी जर्मनीला जाऊन आले होते, पण त्याविषयी फारसं बोलत नाहीत.

माझी मुलगी शिकायला तिकडे निघाली, तेव्हा त्यांनी शंभर जर्मन मार्कांची जुनी नोट तिच्या हातावर ठेवली. "मार्क बंद झाले, पण तिथली सरकारी बँक अजून युरो देते. बदलून घे."

मग एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन वर गेले.

"काका, युरो मिळाले! आईकडे पाठवू?"

"नको गं. बेकरीत जा, पोटभर खा. मी तिथं असताना घरी पैसे पाठवायचो, त्यामुळं काचेतून बघायचो आणि पुढं जायचो."

ती समोरच्याच बेकरीत शिरली. काका फोन डोळ्यांजवळ धरून तिचं खाणं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गरम आहे का गं?"