तमासगिरांना खुर्ची

संध्याकाळचे सहा. नंदुरबारातल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं आवार. स्टेज तयार, खुर्च्या मांडलेल्या, अध्यक्ष हजर. ज्यांचा सत्कार करायचा ते तिघे म्हातारे तमासगीर मात्र स्टेजवर यायला तयार नव्हते!

बातमीदाराकडे असे किस्से साठतच जातात. पेपरात जागा मिळते अध्यक्षांच्या भाषणाला. बाकीचं आमच्याच पोटात राहतं. हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहेत आणि मला अजून पचलेले नाहीत.

*

जिनिंगच्या आवारात का? तर सत्काराचा घाट आम्ही चार मित्रांनी घातला आणि गावातला एकमेव हॉल आम्हाला नाकारला म्हणून. हॉलचे सेक्रेटरी म्हणाले, "तमासगिरांचा सत्कार? आमचे मेंबर काय म्हणतील?"

मी म्हणालो, "तुमचे मेंबर जत्रेत पहिल्या रांगेत बसतात. नावं छापू का?"

हॉल मिळाला नाही तो नाहीच. तमासगीर नाचलेला चालतो, खुर्चीत बसलेला चालत नाही! पण ही बातमी बाजारात पसरली आणि जिनिंगच्या मालकाने स्वतः येऊन किल्ली दिली. सतरंज्या लग्नघरांतून आल्या. रॉकेलची एवढी टंचाई, तरी बत्त्यांसाठी लोक बाटल्या घेऊन आले. त्या बाटल्यांचं ऋण मी आजही मानतो.

*

सुकदू ढोलकीवाल्याला आमंत्रण द्यायला मी बैलगाडीने कोरीटला गेलो. तो खाटेवर बसला होता. म्हणाला, "वग कोनता शे?"

"वग नाही, सुकदूबाबा. तुमचा सत्कार आहे. तुम्ही नुसतं खुर्चीवर बसायचं."

"वाजाडानं नही?"

"नाही."

"मंग येवढ्या लांब कसाले येऊ, भाऊ? बसाले ते घर शे!"

*

खरी अडचण होती झिपरूची. झिपरू म्हणजे सोंगाड्या. सरकारी माणसाची टिंगल करावी तर त्यानेच. त्यापायी एकदा कोठडीतही बसून आला होता. फौजदारसाहेबांनी परवानगी देताना मला बजावलं, "त्या झिपरूने स्टेजवर एक शब्द जरी काढला, तरी समारंभ तिथेच बंद. शाल मिळणार नाही, आणि म्हातारा पुन्हा आत जाईल."

मी कायदा काढला, आवाज चढवला. उपयोग शून्य!

हे झिपरूला सांगताना माझीच मान खाली गेली. त्याची नजर अधू झाली होती, छाती भात्यासारखी वाजत होती. पुढच्या वर्षी सत्कार करू, असं म्हणायची सोय नव्हती. तोच माझी समजूत घालू लागला, "भाऊ, नातूसले आते लोके चिडावतस, तुन्हा आजा नाच्या व्हता म्हनीसन. त्यासना समोर एकदाव शाल मिळू द्या. मी तोंडले कुलूप लावसू."

*

तर संध्याकाळचे सहा. तिघेही, मिनतवारीने आणलेला सुकदूसुद्धा, कनातीमागे उभे. मी हात जोडले, "चला ना, बाबा!"

सुकदू म्हणाला, "ढोलकी वाजाशिवाय फळीवर पाय ठेवाना नही. रिवाज शे."

ढोलकी आणवली. वाजवायला दुसरं कोण? सुकदूच बसला. त्या तालावर बाकीचे दोघे थाटात आत आले. ढोलकी थांबली. आता सुकदू येईना!

"मन्हासाठी कोन वाजाडी?"

अध्यक्ष होते एक नामांकित वकील. तमाशा हा शब्द उच्चारला की रुमाल तोंडाला लावणारे. त्यांनी घड्याळ पाहिलं, लोकांकडे पाहिलं, कोट काढला आणि ढोलकी मांडीवर घेतली. सुकदू कनातीआडून ओरडला, "साहेब, हात ढिला सोडा!"

साहेबांनी सोडला. आणि सुकदू आला.

*

पहिली शाल तिघांतल्या नामदेवला. त्याने हयातभर बाईचं काम केलेलं. डोक्याला टक्कल, तोंडात दात नाही. वकीलसाहेबांनी शाल खांद्यावर टाकली, तर याचा हात आपोआप वर गेला आणि शालीचा पदर डोक्यावर आला! नजर खाली, पाऊल आत.

पहिल्या रांगेतल्या वकिलीणबाई चटकन सरकल्या आणि म्हणाल्या, "इकडे बसा ना, वहिनी!"

हसण्याचा एवढा स्फोट मी कुठल्याच सभेत ऐकला नाही. वकीलसाहेबही हसले. रुमाल न लावता.

*

शेवटी झिपरू. नातवंडं पुढे सतरंजीवर बसलेली. फौजदारसाहेब आता खुशीत होते. म्हणाले, "याला शाल मी घालतो." घातली. बंदोबस्त पक्का करायचा म्हणून की खरंच प्रेमाने, देव जाणे, त्यांनी ताटातला सर्वांत मोठा पेढा उचलला आणि स्वतःच्या हाताने झिपरूच्या तोंडात कोंबला. दोन्ही गाल फुगले. झिपरूने साहेबांना वाकून मुजरा केला.

आणि त्याच क्षणी अख्ख्या आवारात झिपरूचा आवाज घुमला. तोच घोगरा, तोच हेल काढणारा.

"फौजदारसाहेब, चोर सापडना का? नही? आरसा दखाडू का?"

लोक सतरंज्यांवर लोळले. नातवंडं टाळ्या पिटू लागली. साहेब लाल झाले, वळले, झिपरूसमोर गरजले, "तोंड उघड!"

झिपरूने आज्ञा पाळली. बत्तीच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं. पेढा अख्खाच्या अख्खा आत होता.

साहेबांनी पुढे महिनाभर चौकशी केली. मीही माझ्या परीने केली. "बोललो तो मी," असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही.