मार्लिसने शेवटची वडी खाल्ली

आमच्या गावात ताटातली शेवटची वडी कोणी उचलत नाही. एक जण ती अर्धी करतो, दुसरी त्या अर्ध्याची अर्धी करते, आणि मुंगीलाही पुरणार नाही एवढा तुकडा ताटात वाळत पडतो. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

मार्लिस हॉगन याच गावची. शाळेची बस चालवते, नातवंडांची आजी आहे, आणि गेल्या पानगळीपासून शेजारच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी मानसशास्त्र शिकते. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण तिचं पुस्तक माझ्या गाडीत राहिलं होतं. "कोणाला बोललीस तर बघ," तिने दम भरला. आमच्याकडे एखाद्याने चोरी केलेली एकवेळ चालेल, पण स्वतःला शहाणं समजलेलं खपत नाही. नवरा गेल्यापासून चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर हेच तिचं माहेर झालं होतं. तिथल्या बायकांनी शिष्ट ठरवून बाजूला सारलं तर जायचं कुठे, ही तिची खरी धास्ती.

त्यात तिच्या वर्गाच्या वांग सरांनी गृहपाठ दिला. समाजाचा एखादा अलिखित नियम मोडायचा, लोक कसे वागतात ते पाहायचं, आणि नंतर त्याच लोकांना खरं काय ते सांगायचं. सांगितल्याशिवाय गुण नाहीत.

मार्लिस दुकानात रांग मोडून पुढे घुसली. मागचा माणूस म्हणाला, "जा जा, घाईत दिसताय." मग ती कॅफेत एका अनोळखी म्हाताऱ्याच्या टेबलावर जाऊन बसली. त्याने आपली बशी सरकवली आणि बर्फ किती पडणार याची चर्चा सुरू केली. "या गावात धड वाईटसुद्धा वागता येत नाही," ती माझ्याकडे येऊन करवादली.

शेवटी रविवारी चर्चच्या जेवणात तिने लिंबाची शेवटची वडी उचलली, अख्खी. खाल्ली आणि वर बोटं चाटली. आर्डिस टोलेफसन, जिच्या शब्दाबाहेर तिथला चमचाही हलत नाही, एवढंच म्हणाली, "वेगळंच आहे." याहून जहरी शब्द आमच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी मार्लिसच्या दाराशी झाकलेल्या ट्रेंची रांग लागली. बटाटे घातलेले, नूडल्स घातलेले, चीज ओथंबलेले. बिचारीवर उपासमारीची वेळ आली, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"अगं, फ्रीजचं दार लागत नाही," ती फोनवर हसत होती, मग एकदम रडायलाच लागली. "आता यांना सांगू कसं?"

"खा आणि गप्प बस. गुण गेले तर गेले."

"गुणांचं राहू दे गं. त्यांनी माझ्यासाठी रांधलंय."

पुढच्या रविवारी ती घासलेले ट्रे घेऊन आली, उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. कॉलेज, गृहपाठ, वडी. एक शब्द गाळला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

"म्हणजे आम्ही पिंजऱ्यातले उंदीर," आर्डिस म्हणाली.

"तसं नाही गं, आर्डिस. ट्रे आले तेव्हा मला माझीच लाज वाटली."

"वेगळंच आहे," म्हणत आर्डिस उठली आणि भांडी घासायला गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या, कोणी मार्लिसकडे पाहिलं नाही. माझं डोकं असं तापलं, की एक ट्रे आर्डिसच्या टाळक्यात घालावासा वाटला.

भांडी पुसायची पाळी मार्लिसची होती. ती फडकं घेऊन मान खाली घालून आर्डिसशेजारी उभी राहिली. मी पलीकडे बश्या रचत होते. आर्डिस वाहत्या नळाखाली कप विसळत होती.

"तुझ्या त्या वर्गात," आर्डिस पाण्याकडे बघतच म्हणाली, "आपला माणूस गेल्यावरही त्याच्या वाटणीची कॉफी हातून रोज होते, त्याबद्दल काही शिकवतात का?"

"तो धडा अजून आला नाही," मार्लिस म्हणाली. "पण मी अजून पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपते."

आर्डिसने नळ बंद केला आणि मार्लिसकडे पाहिलं.