पंखा बंद करून वाचायचं वाक्य

भाऊसाहेब निकम खरेदीखत वाचून दाखवताना एका वाक्याशी आले की थांबायचे, उठायचे आणि पंखा बंद करायचे. मे महिना असला तरी. नाशिक रोडला नोंदणी कार्यालयासमोर त्यांचा दहा बाय दहाचा गाळा. त्यात विकणारे, घेणारे, साक्षीदार दाटीवाटीने बसलेले, घामाघूम. भाऊसाहेब सावकाश वाचायचे, "सदर मिळकत निर्वेध व बिनबोजाची असून तीवर आमच्याखेरीज अन्य कोणाचाही हक्क अथवा हितसंबंध नाही, तसे काही निघाल्यास त्याचे निवारण आम्ही स्वखर्चाने करून देऊ." मग विकणाऱ्याकडे बघून म्हणायचे, "आता हे तुमच्या तोंडाने म्हणा."

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं टायपिंग केलं. आजूबाजूचे दस्तलेखक अर्ध्या तासात पक्षकाराला वाटेला लावत. आमच्याकडे मात्र एकेका दस्तावर दुपार जायची. लोक कंटाळायचे, काही उठूनही जायचे. मलाही वाटायचं, एवढा घोळ कशाला? छापील वाक्य ते, प्रत्येक खरेदीखतात असतंच.

भाऊसाहेब मूळचे सटाण्याकडचे. बोलणं शहरी, पण आतून हलले की बागलाणची बोली तोंडात यायची. एकदा एका पक्षकाराने नवा मिक्सर घेतला होता आणि त्याला गॅरंटी आहे की वॉरंटी, यावर गाळ्यात वाद रंगला. गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून, यावर सगळ्यांचं एकमत झालं. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या मिक्सरचं कार्ड वर्षभराचं. बिघडला तर पाटा-वरवंटा आहेच. विम्याच्या फॉर्मवर मात्र हमी आपण द्यायची असते, कंपनीने नाही. तिथं एक ओळ खोटी निघाली की अख्खा विमा बुडाला. आणि जमिनीतली हमी? तिला मुदतच नाही. देणारा मरून जातो, त्याची पोरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात."

हे नुसतं बोलणं नव्हतं. काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आरोग्य विमा काढताना एजंट म्हणाला होता, बीपीचं लिहू नका, कोण बघतंय. भाऊसाहेबांनी ते ठळक अक्षरात लिहिलं, आणि कंपनीने विमाच नाकारला. पुढे काकूंना तीन आठवडे दवाखान्यात काढावे लागले तेव्हा भाऊसाहेबांचे फार हाल झाले. काकू पुढेही अनेकदा बोलून दाखवायच्या, "यांचं खरं मला महागात पडलं." ते ऐकून घ्यायचे. एकदाच मला म्हणाले, "वैशाली, ती म्हणते ते चूक नाही."

हा माणूस असा आहे हे माहीत असूनही मी ते केलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

आमची झेंडू-शेवंतीची शेती शहराच्या कडेला. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घर पक्कं बांधायचं होतं म्हणून अर्धा एकर विकायचं ठरलं. खरेदीखत मीच टाइप केलं, विकणारे म्हणून एकट्या तात्यांचं नाव घालून. आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर तात्यांचंच नाव लागलं होतं. तात्यांची धाकटी बहीण शकूआत्या येवल्याला दिलेली, पैठणीच्या मागावर बसणारी. तिचाही वाटा आहे हे मला, रोज दस्त टाइप करणारीला, कळत नव्हतं असं नाही. मी गप्प बसले.

भाऊसाहेबांनी वाचायला घेतलं. त्या वाक्याशी आले, उठले, पंखा बंद केला. मग कागद माझ्याकडे सरकवला. "तू वाच." आत्याच्या पैठण्यांचं कौतुक मी त्यांना कितीदा ऐकवलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. मी "अन्य कोणाचाही" पर्यंत आले आणि कागद खाली ठेवला. भाऊसाहेबांनी हळूच त्यांच्या बोलीत विचारलं, "खरं शे का हाई?"

तात्या भडकले. "सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव हाय. मग आडलं कुठं?"

"सातबारा सरकारने लिहिलाय, तात्या. हे वाक्य तुम्ही लिहून देताय."

घेणाऱ्याने पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात आत्याच्या वाट्याचा प्रश्न सुटला नाही, तर तो दुसरीकडे जमीन बघणार होता. तात्या माझ्याशी बोलेनासे झाले. चौथ्या दिवशी आम्ही हक्कसोडपत्र घेऊन येवल्याला गेलो. सोबत साडी. जन्मभर पैठणी विणणाऱ्या बाईला आम्ही बाजारातली साडी घेऊन गेलो होतो! आत्याने चहा केला, कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि तात्यांकडे बघून म्हणाली, "दादा, मला हक्क दिला कधी तुम्ही, तो सोडायला?"

रागावून म्हणाली असती तर तात्यांना भांडता आलं असतं. ती शांतपणे म्हणाली. सही न होताच आम्ही कागद परत आणला. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी त्यांनी फोन लावला. मी शेजारीच होते. "शकू, सहीला ये. सोडायला नाय, विकायला. निम्मं तुझं."

भाऊसाहेबांनी दस्ताचं पहिलं, विकणाऱ्यांच्या नावांचं पान नव्याने लिहिलं, मला हात लावू दिला नाही. बहीणभावांनी ते वाक्य एकामागून एक म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात भाऊसाहेब गेले. त्यांच्या दशक्रियेला आम्ही नदीवर उभे होतो, आणि येवल्याहून आत्या आली. तिला कोणी कळवलं होतं, ठाऊक नाही. भाऊसाहेबांच्या मुलीने तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने अदबीने विचारलं, "तुम्ही बाबांच्या कोण?"

"कोणी नाय, बाई," आत्या म्हणाली. "आधारवर, रेशनकार्डावर, मतदानाच्या यादीत, समदीकडं मी नवऱ्याच्या नावानं हाय. माझ्या बापाची लेक म्हणून मला कागदावर पहिल्यांदा लिहिलं ते यांनी."

तात्या शेजारीच होते. त्यांनी मान खाली घातली आणि बहिणीच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.