मसुदेसाहेब आणि तिवरांचं कलम

स्वतः लिहिलेला सरकारी कागद चारचौघांत फाडणारा अधिकारी मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. अलिबागच्या कचेरीत आम्ही त्यांना मसुदेसाहेब म्हणत असू. खारजमिनी, मिठागरं, खाडीकाठची झाडी यांचा दर तालुक्याचा रिवाज वेगळा होता. इलाख्याच्या साऱ्या किनाऱ्याला एकच नियमावली असावी असं सरकारच्या मनात आलं आणि तिचा मसुदा करायला साहेबांची नेमणूक झाली. मी त्यांचा कारकून. वय तिशीचं, घरी दोन मुलं, अक्षर मोत्यासारखं आणि तोंड बंद.

कलम लिहून झालं की साहेब लेखणी खाली ठेवून विचारत, "हा नियम उद्या कुणाच्या दारात जाऊन उभा राहील?" कोळ्याच्या? मिठागरवाल्याच्या? मग त्या माणसाचा दिवस ते डोळ्यांसमोर आणत. तो कितीला उठतो, सरपण कुठून आणतो, होडी कुठे ओढतो. जुळलं नाही तर कागद टराटरा फाडत. एकेका कलमाला आठवडा जाई. बाकीचे कारकून हसत. मला मात्र भीती वाटे. इतकं खरं वागणाऱ्या माणसाजवळ बसायची सवय नव्हती.

एका कलमात ते चुकले. खाडीतली तिवरं म्हणजे पडीक झुडपं, ती ठेक्याने तोडू द्यावीत, असं ते कलम होतं. वर्षभर अजमावून पाहायला म्हणून ते आमच्या भागात आधीच लागू झालं आणि ठेकेदाराच्या माणसांनी तिवरं तोडून चुन्याच्या भट्ट्यांना घातली. माझं बालपण खाडीकाठच्या खारेपाटात गेलेलं. वडील तिथं मास्तर होते. समुद्राची लाट तिवरांत मोडते आणि म्हणून भातशेतीचा बांध टिकतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या कलमाची प्रत करताना माझा हात क्षणभर थबकला होता. मग मी पुढे लिहीत गेलो.

श्रावणी पौर्णिमेच्या उधाणाला, भर दुपारी, खारेपाटातल्या एका गावच्या बांधाला खांड पडली. लावणी झालेली सगळी खाचरं खाऱ्या पाण्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा गावातली माणसं रांगेनं उभी राहून चिखलाच्या ढेपा खांडीकडे पोचवत होती. साहेबांनी पगडी माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि मांडीएवढ्या चिखलात उतरून रांगेत उभे राहिले. त्यांच्या हातात ढेप आली, ती त्यांनी पुढे दिली.

भरती येऊ लागल्यावर काम थांबलं. काशीबाय नावाची एक म्हातारी बांधावर बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, "तिवरं तोडली तेव्हा सांगितलं का नाही, आजी?"

"आमाला कोनी इचारला, सायेब? कागूद आला. कागदाम्होरं बोलाचा कसा?"

साहेबांनी बंडीच्या खिशातून त्या कलमाचा कागद काढला. "हा कागद मी लिहिला," ते म्हणाले. "माझं चुकलं." आणि सगळ्यांसमोर त्याचे तुकडे केले.

मी अनेक अधिकारी पाहिले. त्यांनी पावसाला दोष दिला, रयतेला दिला, आम्हा कारकुनांना तर रोजच दिला. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

परतताना छकड्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही खारेपाटातले ना? तुम्हाला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "होय, साहेब."

"मग?"

"कारकुनानं बोलायचं नसतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते बैलांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "यापुढे पटलं नाही, तर प्रत करायची नाही. हुकूम समजा."

त्यानंतर वर्षभर आम्ही किनारा पायी फिरलो. नागावच्या वाड्यांपासून आगरदांड्यापर्यंत. आगरदांड्याला होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या नाखवाचाचांनी सांगितलं, "बोई माशाची पिल्लं तिवरांतच मोठी होतात, साहेब. तिवर गेलं की जाळं रिकामं." साहेबांनी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. मसुदा नव्यानं होत असताना मी तीनदा लेखणी थांबवली. दोनदा त्यांनी कलम बदललं. तिसऱ्यांदा, "इथं तुम्ही चुकता," म्हणून अर्धा तास समजावून सांगितलं. माझ्यासारख्या कारकुनाला!

नव्या मसुद्यात दोन गोष्टी होत्या. बांधाबाहेरची तिवरं तोडायची नाहीत. आणि कुठलाही नियम लागू करण्याआधी गावाच्या चावडीवर वाचून लोकांच्या हरकती लिहून घ्यायच्या. वरून मसुदा परत आला तेव्हा दोन्हींवर लाल रेघ होती. साहेब त्याच दिवशी धरमतरहून बोटीनं मुंबईला गेले. आठ दिवसांनी आले ते थकून.

"तिवरांचं राहिलं," ते म्हणाले. "चावडीचं गेलं."

मग म्हणाले, "मीही जातोय. घाटावर बदली. तिथं समुद्र नाही, म्हणजे मी त्रास देणार नाही असा त्यांचा अंदाज असावा." आणि मोकळेपणी हसले. पुढे त्यांना बढती मिळाली नाही, एवढं कानावर आलं. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

छापील नियमावली कचेरीत आली, तेव्हा ती गावात वाचण्याचा हुकूम नव्हता. नको असाही नव्हता. रविवारी मी ती घेऊन खारेपाटातल्या आमच्या गावी गेलो. चावडीवर माणसं जमली. मी सावकाश वाचू लागलो. निम्म्यावर आलो असेन, तोच मागून एक शेतकरी उठला.

"मास्तरांचा पोर ना तू? थांब जरा. ह्या कलमात चूक हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नियमावली मांडीवर उलटी ठेवली, कोरा कागद घेतला आणि म्हणालो, "बोला. लिहून घेतो."