काकांच्या वहीतले तीन आकडे

हे मी आजवर कुणापुढेही उच्चारलेलं नाही — ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या काकांपुढे तर नाहीच. तुला सांगतेय. का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आई-बाबा कामगार संघटनेतले, मी अक्षरं शिकले ती घोषणांमधून. मोठी झाल्यावर नॉटिंगहॅममध्ये भाडेकरूंसाठी मीही पत्रकं लिहू लागले. त्यातलं एक काकांनी फ्रिजवर लावलं होतं — 'मीटरचे खरे आकडे दाखवा.'

काका म्हणजे आमचे शेजारी, हॉस्पिटलमधून रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. गॅरेजमध्ये बिअर करायचे. "जन्मभर लोकांना सुईतून भूल दिली, आता बाटलीतून देणार," काकू म्हणायच्या. त्या वर्षी त्यांनी बेल्जियन पद्धतीची कडक सोनेरी बिअर, 'एल', लावली आणि मला मदतीला घेतलं. केवढं कुतूहल होतं मला — फिकट माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, साधी पांढरी साखर, थोडं यीस्ट, आणि एवढ्यातून नासपतीचा, मिऱ्याचा वास येतो कुठून? पिंप बुडबुडायला लागलं की मी कान लावून बसायचे.

मग काका चार दिवस मुलीकडे मिल्टन कीन्सला गेले. जाताना वही आणि हायड्रोमीटर — किती साखर उरली ते दाखवणारी काचेची नळी — माझ्या हातात दिली. "सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. हे यीस्ट शेवटचा घास फार सावकाश खातं गं."

पहिल्या दिवशी आकडा आला १.०१६. उतरायला हवा होता १.००८ पर्यंत. मी घोटभर चाखली — गोड, पण मागून काहीतरी झणझणीत. फेस आल्यावर ही कशी लागेल? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पत्रकं वाटत फिरले, तिकडे गेलेच नाही. चौथ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये उभी राहिले. मोजायला दोन मिनिटं लागतात. पण आकडा अजून वरच असला तर? आणखी दोन आठवडे थांबायचं?

मी नळी बुडवलीच नाही. पहिल्या दिवशीचा आकडाही वहीत घातला नव्हता. तिन्ही ओळींत १.००८ लिहिलं. मधल्या ओळीसाठी पेन बदललं — खरं वाटावं म्हणून. हे मला कुणी शिकवलं? हात जरासुद्धा अडखळला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुपारी काका आले, वही पाहिली. स्वतः मोजलं नाही. "तू मोजलंस ना, मग झालं." फेस यावा म्हणून लागणारी साखर त्यांनी तोलून घातली, आणि आम्ही बाटल्या भरल्या.

तीन आठवड्यांनी, न संपलेल्या साखरेचा गॅस आत कोंडून, त्या एकामागून एक फुटल्या. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं, म्हणून कुणाला लागलं नाही. काचा झाडून झाल्यावर काका वही उघडून बसले. आकडे चोख. "म्हणजे साखर मीच दोनदा घातली," ते म्हणाले. त्यांना अलीकडे नावं आठवेनाशी झाली होती. ती भीती मनात आधीपासून होतीच. एक वाक्य पुरलं असतं. मी — मी सुपली धरून उभी होते.

त्यांनी बिअर सोडली. मग गाडीची किल्ली स्वतःहून काकूंना दिली. मग जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, स्मरणशक्ती तपासणाऱ्या मेमरी क्लिनिकला पाठवलं. तिथून फॉर्म आला: जवळच्या माणसाने विसराळूपणाचं एखादं उदाहरण लिहावं. काकूंनी तो माझ्यापुढे सरकवला.

"तू लिहिणारी ना, तूच लिही. ते बाटल्यांचं घाल."

"हो, तेच घाल," काका म्हणाले. "ते तरी पक्कं आहे."

मी लिहिलं. स्वच्छ, दोन वाक्यांत. खाली सही माझी आहे.