भूगोलाच्या बाईंचा वर्ग

सुटी लागली की बाकीचे प्राध्यापक गावी जात आणि आमच्या भूगोलाच्या बाई भर उन्हात दारोदार फिरत. जुईनगरचं आमचं कॉलेज नवं. बी.ए.च्या वर्गाला पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर विषय बंद, आणि बाईंची नोकरीही गेली. म्हणून दहावीनंतरच मुलं हेरायला त्या छत्री घेऊन गावात हजर होत. बाई मूळच्या साताऱ्याच्या. कुणाच्या घरी चहा नको म्हणणं त्यांना जमत नसे, मग संध्याकाळी पित्ताने हैराण व्हायच्या.

आमच्याकडे आल्या तेव्हा बाबा घुश्शातच होते. नवं शहर वसवायला आमची शेती गेली होती.

"जमीन होती तवा कोनी भूगोल शिकवाया आला नाय," ते म्हणाले. "आता जमीन गेली न भूगोल आला."

"मग ती गेली कुठं, एवढं तरी पोरीला कळू द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. बाबांना हसू आलं आणि माझा अकरावीचा प्रवेश पक्का झाला.

शिकवताना त्या आमचीच गावं घेत. खाडी कुठवर यायची, मिठागरं कुठं होती, वाशीचा बाजार तिथंच का आला. आपलं गाव अभ्यासाचं असतं याचं आम्हाला कोण अप्रूप! मुंबईच्या एका कॉलेजाने त्यांना कायमच्या नोकरीवर बोलावलं होतं, तरी गेल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथं माझ्याशिवायही वर्ग भरतो गं."

आणि याच बाईंनी बारावीनंतर आम्हा चांगले मार्क असलेल्या मुलींना डी.एड.चे अर्ज भरायला लावले. बी.ए. होईपर्यंत घरचे थांबणार नाहीत, लग्नं लावून टाकतील, ही त्यांची धास्ती. डी.एड. झालं की नोकरी तरी हाताशी. पायावर कुऱ्हाड मारून घेताय, असं अर्थशास्त्राच्या सरांनी बाईंना बजावलंही. आम्हाला प्रवेश मिळाले, बी.ए.चा वर्ग रिकामा झाला आणि भूगोल बंद पडला.

मी पेढे घेऊन गेले तर बाई स्टाफरूममधलं कपाट आवरत होत्या. मला रडू फुटलं.

"रडतेस काय? वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस. पोरं निसटतात," एवढंच म्हणाल्या आणि पेढा अर्धा करून मला भरवला. त्या साताऱ्याला परत गेल्याचं नंतर कळलं. पुन्हा गाठ पडली नाही. फार आठवण येते त्यांची.

आता माझाही वर्ग भरलेला असतो. फळ्याकडे तोंड करून मी बोलत नाही, पण लिहावं तर लागतंच. लिहिताना कधी वाटतं, बाई मागच्या बाकावर येऊन बसल्यात. मग वळायचं जिवावर येतं.